मारहाणीच्या खटल्यात आरोपी सुटतो, तेव्हा उत्तर कोणी द्यायचे?

मारहाणीच्या खटल्यात आरोपीची निर्दोष मुक्तता झाली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. कोणी म्हणते फिर्यादच खोटी होती, तर कोणी थेट न्यायाधीशांवर संशय घेते. निकालपत्र मात्र दोघांपैकी कोणीच वाचलेले नसते. वकिलीच्या निमित्ताने मी अशी निकालपत्रे सतत वाचतो आणि त्यांत अनेकदा वेगळेच लिहिलेले असते: फिर्यादीला इजा झाली होती, परंतु ती याच आरोपीने केली हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलेले नाही.

पुरावा नेमका कुठे ढासळतो? काठी जप्त झालेली असते, पण जप्ती पंचनाम्यावरचा पंच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सांगतो की पोलिसांनी ठाण्यात बोलावून तयार कागदावर सही घेतली. वैद्यकीय प्रमाणपत्रात जखम कठीण व बोथट वस्तूने झाल्याची नोंद असते. उलटतपासणीत डॉक्टरांना विचारले जाते की अशी जखम दगडावर पडूनही होऊ शकते का, आणि डॉक्टर प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात. जप्त केलेली काठी डॉक्टरांना दाखवून, हिनेच ही जखम होऊ शकते का, असा अभिप्राय तपासात कोणी घेतलेलाच नसतो. घटना पाहिलेला शेजारी फितूर होतो, कारण त्याला आरोपीच्याच गल्लीत राहायचे असते. त्याने पोलिसांपुढे दिलेला जबाब त्याची साक्ष खोडण्यापुरताच वापरता येतो, पुरावा म्हणून नाही.

उरतो एकटा फिर्यादी. त्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, आणि जखमी साक्षीदाराच्या शब्दाला न्यायालये विशेष वजन देतात. पण फिर्याद दोन दिवस उशिरा नोंदली गेली असेल, उशिराचे कारण कागदावर नसेल आणि दोन घरांत जुने वैर असेल, तर संशयाचा फायदा आरोपीला द्यावाच लागतो. त्यात तडजोड मला मान्य नाही. खोट्या फिर्यादीत गोवलेला माणूसही याच नियमाच्या आधारे घरी जातो.

माझा राग आहे तो निकालानंतरच्या शांततेवर. 2014 च्या जानेवारीत गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची मुक्तता कायम ठेवली, पण त्याच निकालात सर्व राज्यांच्या गृह विभागांना बजावले की मुक्तता झालेल्या प्रत्येक खटल्याची कारणे पोलीस व अभियोग (म्हणजे सरकारी वकिलांच्या) विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या स्थायी समितीने तपासावीत आणि निष्काळजी तपास अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई करावी. साध्या मारहाणीच्या खटल्यात असा निष्कर्ष फिर्यादीला कळवला गेल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. ज्याचे हाड मोडले, त्याला आपला खटला कोणाच्या हलगर्जीपणामुळे पडला हे समजण्याचा हक्क आहे, आणि तो मिळेपर्यंत ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याने, झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे, आणि साक्षीदार संरक्षणाची योजना आखण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. चित्रीकरण खरोखर झाले तर ‘तयार कागदावर सही घेतली’ हे वाक्य तपासून पाहता येईल. साक्षीदाराची भीती मात्र कॅमेऱ्याने जाणार नाही. संरक्षण म्हटले की गाजलेले खटले डोळ्यांसमोर येतात, पण गल्लीतल्या मारहाणीचा साक्षीदार त्याहून एकटा असतो, त्यामुळे त्याचा विचार योजनेत आधी व्हायला हवा.

ज्यांच्या घरात असा निकाल नुकताच लागला आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. 31 डिसेंबर 2009 पासून पीडित व्यक्तीला मुक्ततेविरुद्ध स्वतः अपील करता येते. सरकारने अपील करण्याची वाट पाहावी लागत नाही. दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला सोडले असेल तर हे अपील सत्र न्यायालयात जाते. निकालपत्राची प्रमाणित प्रत मिळवण्यासाठी लगेच अर्ज करा, आणि न्यायाधीशांनी कोणत्या साक्षीदाराविषयी काय लिहिले आहे ते वकिलांसोबत बसून ओळीने वाचा.