‘ताई, बायकांना घाबरवता कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्तनाच्या कॅन्सरवरच्या केमोच्या दुष्परिणामांबद्दल मी लिहिलेला लेख वाचून तुमच्या वहिनींनी ऑपरेशननंतरचा पहिला केमो पुढे ढकलला. तुमचं म्हणणं असं की मी बायकांना घाबरवते. तुमच्या आईने हाच केमो घेतला आणि तोंडातून तक्रारीचा एक शब्द काढला नाही. मन खंबीर असलं की निम्मा त्रास होतच नाही. शिवाय मी गोळ्यांवर गोळ्या सुचवते आणि नैसर्गिक पूरक औषधांचं नावही घेत नाही. शेवटी लिहिलंय, ‘ताई, तुम्ही यातून बाहेर आलात, आता दुसऱ्यांना हिंमत द्या.’

आधी वहिनींचं, कारण बाकीचे वाद नंतरही घालता येतील. ऑपरेशननंतर केमो किती उशिरा सुरू झाला तर नुकसान होतं, यावर कॅलिफोर्नियातल्या सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९० दिवसांच्या आत सुरुवात झालेल्यांमध्ये लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही. त्यापुढे गेलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण वाढलेलं होतं, आणि ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे हार्मोन किंवा हर-२ नावाचं प्रथिन यांच्या जोरावर न वाढणाऱ्या) प्रकारात ते जास्त वाढलेलं होतं. म्हणजे शंका विचारण्यात आठवडा गेला म्हणून आभाळ कोसळत नाही, पण ‘बघू पुढे’ म्हणत महिने घालवणं महागात पडतं. वहिनींनी तारीख पुढे ढकलली ती डॉक्टरांशी बोलून की घरातल्या घरात? घरातल्या घरात असेल तर आजच फोन करायला सांगा.

त्यांना केमो नकोच वाटत असेल तर तेही डॉक्टरांसमोर बोलू दे. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी) आणि हर-२ निगेटिव्ह असेल, काखेतल्या गाठींत पसरलेली नसेल, तर गाठीच्या जनुकीय चाचणीवरून केमोचा फायदा होणार की नाही याचा अंदाज घेता येतो. २०१८ मध्ये टेलरएक्स या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की या जनुकीय चाचणीत मधले गुण आलेल्या बऱ्याच बायकांना, विशेषतः पन्नाशीपुढच्यांना, हार्मोनच्या गोळ्यांच्या जोडीला केमो देऊन जास्तीचं काही हाती लागत नाही. वहिनींचा प्रकार त्यात बसतो का, मला माहीत असणं शक्य नाही. त्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे. आणि त्यांना केमो लागतोच असं उत्तर आलं, तर त्यामागचं कारणही कळेल. कारण कळलं की केमोच्या खुर्चीत बसणं थोडं सोपं जातं, एवढं अनुभवाने सांगते.

आता घाबरवण्याबद्दल. कॅन्सरचं निदान झालेल्या बाईला भीती माझ्याकडून उसनी घ्यावी लागत नाही. मी लिहिलं ते सगळं संमतीपत्रावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. तिथे फक्त त्यावर काय करायचं ते छापलेलं नसतं. मला तेच लिहायचं होतं आणि यापुढेही तेच लिहिणार आहे.

तुमच्या आईंबद्दल बोलताना मी जपून बोलते. त्यांनी जे सोसलं त्याबद्दल मनात आदरच आहे. पण त्यांना त्रास झाला नाही, की झाला आणि त्यांनी सांगितला नाही, हे तुमच्या लिहिण्यातून कळत नाही. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई यायच्या. डॉक्टरांनी ‘कसं काय?’ विचारलं की ‘छान’. नर्सने विचारलं की ‘काही नाही’. बाहेर बाकावर बसलो की मला सांगायच्या, तळपाय जळतात, ब्लाऊजची बटणं लागत नाहीत, मुलगी लावून देते. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू होतं. एक दिवस फॉर्मवर सही करताना पेन हातातून दोनदा पडलं, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं. या औषधाने नसांना होणारी इजा थांबवणारं खात्रीचं औषध नाही. दुखत असेल तर ड्युलॉक्सेटिन नावाच्या औषधाने थोडा आराम पडू शकतो, पण डॉक्टरांच्या हातातलं खरं शस्त्र म्हणजे डोस कमी करणं, पुढे ढकलणं किंवा औषध बदलणं. ते वेळेवर उपसायचं तर त्यांना कळायला हवं ना!

आणि हे फक्त त्या बाईंचं नाही. इटलीतल्या संशोधकांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांनी स्वतः लिहून दिलेला त्रास आणि त्यांच्याच डॉक्टरांनी नोंदवलेला त्रास शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मळमळ, उलट्या, भूक मरणं, बद्धकोष्ठ, जुलाब, केस गळणं, सगळ्यांतच डॉक्टरांची नोंद कमी भरली. केस गळणंसुद्धा! जे डोळ्यांना दिसतं त्याची ही गत, तर तळपायांच्या जळजळीचं काय?

याच्या उलट बाजूची गोष्ट न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधली. केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी काहींना नेहमीची देखरेख दिली आणि बाकीच्यांना दर आठवड्याला आपली १२ लक्षणं संगणकावर भरायला सांगितली. लक्षण वाढलं की नर्सला लगेच ईमेल जायचा. २०१७ मध्ये निकाल आला. लक्षणं कळवत राहिलेल्यांचं सरासरी (मध्यक) आयुष्य ३१.२ महिने, दुसऱ्या गटाचं २६ महिने. हे सगळे पसरलेल्या कॅन्सरचे रुग्ण होते, त्यामुळे हा आकडा वहिनींना जसाच्या तसा लावू नका. पण तक्रार करणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मी म्हणते ते कशाच्या जोरावर, ते एवढ्यावरून लक्षात यावं.

गोळ्यांवर गोळ्या. हो, सुचवते. मळमळीचंच घ्या. डॉक्सोरुबिसिन (तेच ते लाल औषध) आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी उलट्यांच्या बाबतीत सगळ्यात वरच्या श्रेणीत मोडते. औषध शरीरात गेलं की पहिल्या काही तासांत आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि तिथून मेंदूला निरोप जातो. ऑन्डान्सेट्रॉनसारखी गोळी हा निरोप अडवते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी मळमळ उसळते तिच्यामागे मुख्यतः मेंदूतलं सबस्टन्स-पी नावाचं वेगळंच रसायन असतं, आणि तिथे ऑन्डान्सेट्रॉन फारसं कामाचं नाही. त्यासाठी अ‍ॅप्रेपिटंट. जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. चौथं ओलान्झापीन, ज्याच्या पाकिटातला कागद वाचून बायका हादरतात, कारण ते मुळात मानसिक आजाराचं औषध आहे. २०१६ च्या चाचणीत पहिल्या तीन औषधांत ओलान्झापीन मिसळल्यावर पहिल्या २४ तासांत अजिबात मळमळ न झालेले ७४ टक्के निघाले, ते न दिलेल्यांत ४५ टक्के. पुढच्या चार दिवसांसाठी तेच प्रमाण ४२ आणि २५ टक्के. म्हणजे चारही औषधं घेऊन निम्म्यांहून जास्त जणांना नंतर थोडीफार मळमळ झालीच, हेही मी लपवत नाही. ओलान्झापीनने गुंगी फार येते अशी तक्रार असते. त्यावर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं की १० ऐवजी २.५ मिलिग्रॅमनेही उलट्या तितक्याच आटोक्यात राहतात आणि झोपाळूपणा कमी होतो.

इतकं खोलात शिरले ते एवढ्यासाठी की ‘मळमळतंय’ हे सांगणं पुरेसं नाही. पहिल्या दिवशी की तिसऱ्या, ते सांगितलं तर कुठली गोळी कमी पडतेय ते कळतं. तुमच्या दृष्टीने ज्या गोळ्यांवर गोळ्या, त्यातली प्रत्येक वेगळं दार अडवून बसलेली आहे. (जाता जाता: लाल औषधानंतर एखाद-दोन दिवस लघवीही लालसर होते. मला हे आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. मध्यरात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून बसवलं होतं.)

मनाच्या खंबीरपणाबद्दल माझं मत तुम्हाला पटणार नाही, तरी सांगते. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये आला. मनःस्थिती चांगली असलेले जास्त जगले, असं त्यात दिसलं नाही. याचा अर्थ उदास राहा असा नाही. अर्थ एवढाच की एखादी बाई रडली, चिडली, म्हणून तिचा आजार बळावत नाही, आणि तसं तिला सुचवणं क्रूरपणाचं आहे. शिवाय जे मनाचं वाटतं ते पुष्कळदा औषधाचं असतं. डेक्सामेथासोन चालू असताना रात्र रात्र डोळा लागत नाही, आणि ते थांबलं की एक-दोन दिवसांत माणूस खचल्यासारखा होतो. मला त्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटायचं. त्याला खंबीरपणा काय करणार?

एका ठिकाणी मात्र मनाचा भाग मी मान्य करते. आधीच्या वेळी उलट्या आटोक्यात राहिल्या नाहीत, तर पुढच्या वेळी हॉस्पिटलच्या जिन्यातच, औषध मिळायच्या आधी, मळमळ सुरू होते. शरीराने वास आणि जागा लक्षात ठेवलेली असते. तिथे नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, शिथिलीकरणाचे सराव आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. पण ती वेळ येऊ नये याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पहिल्याच सायकलला, म्हणजे केमोच्या पहिल्याच फेरीला, उलट्या नीट रोखणं. शेवटी परत गोळ्यांवरच आले, काय करू!

नैसर्गिक पूरकांचं मी नाव घेतलं नाही ही तक्रार खरी आहे, आता घेते. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन नावाचं पूरक मुंग्या आणि बधिरपणा टाळण्यासाठी म्हणून विकलं जात असे. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅक्सेन गटातलं (वर आलेलं पॅक्लिटॅक्सेल त्यातलंच) औषध घेणाऱ्या ४०९ बायकांवर त्याची रीतसर चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला, आणि नसांचा त्रास ते घेणाऱ्यांमध्येच जास्त निघाला. निरुपद्रवी म्हणून दिलेलं होतं ते. केमो, ऑपरेशन असे नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार हा तर विषयच वेगळा. २०१८ च्या अमेरिकी विश्लेषणात स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो मार्ग धरणाऱ्यांचा मृत्यूचा धोका पाचपटींहून जास्त निघाला. तुम्ही तसं सुचवलेलं नाही, हे मान्य. वहिनी काहीही घेत असतील, अगदी जीवनसत्त्वाची साधी गोळी, तरी ती पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवू दे.

गोळीशिवायचा एक उपाय मी स्वतःहून सुचवते, तुम्हाला बरं वाटेल. थकव्यासाठी चालणं. २०१७ मध्ये ११३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा कॅन्सरच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा सरस ठरले. विश्रांतीने न जाणारा थकवा चालण्याने कमी होतो, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

केसांबद्दल थोडक्यात: पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात. डोकं थंड ठेवणाऱ्या टोपीने पुष्कळ जणींचे बरेचसे वाचतात, पण लाल औषधाबरोबर तिचं यश कमी, आणि गारठा सोसावा लागतो. हवी असेल तर पहिल्या सायकलच्या आधीच विचारायला हवं, नंतर उपयोग नाही.

आता एका बाबतीत मी खरोखरच घाबरवणार आहे. ताप. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट भरला, तर सकाळची वाट बघायची नाही. बाकी काही लक्षण नसलं तरी नाही. पेशीच नसतात, त्यामुळे पू, सूज, लाली ही संसर्गाची नेहमीची चिन्हं दिसतीलच असं नाही, आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. हॉस्पिटलात पोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असा दंडक आहे. फोन करायच्या आधी पॅरासिटामॉल घ्यायची नाही, ती ताप झाकून टाकते. ‘एवढ्या रात्री कुणाला त्रास कशाला’ म्हणून गप्प पडून राहणारी बाई तुमच्या हिशेबात खंबीर ठरेल. मला तिचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

तुम्ही हिंमत द्या म्हणालात. वहिनींसोबत पुढच्या भेटीला तुम्ही स्वतः जा. तिसऱ्या दिवशीच्या मळमळीला कुठली गोळी आहे ते विचारा, ती आधीच घरात आणून ठेवा. थर्मामीटर घ्या आणि तो चालतो का ते बघा. तापासाठी रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा तो लिहून घ्या, आणि पहिल्या केमोच्या आधी एकदा रात्री लावून बघा, कोणी उचलतं का ते.