अ‍ॅक्सोलॉटल, कंबर तलाव आणि आपली चिलापी

ताई, माझ्या घरच्या अ‍ॅक्सोलॉटलवरच्या (मेक्सिकोतला, जन्मभर पाण्यात राहणारा, कल्लेवाला उभयचर प्राणी) लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन: सोलापूरच्या उन्हात अ‍ॅक्सोलॉटल पाळणं हा छळ आहे, तो मेक्सिकोतून पकडून आणलेला असणार, आणि उद्या कंटाळून कुणी इथल्या कंबर तलावात सोडला तर इथले मासे-बेडूक संपतील.

पहिला बिनशर्त मान्य. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. गेल्या मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, टाकीवरचा पंखा थांबला आणि तीन तासांत थर्मामीटर २७ वर. एरवी मागे पिसारा फुलवलेले त्याचे कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं. एकदम गार पाणीही त्याला सोसत नाही, म्हणून फ्रीजरमधल्या बाटल्या एकेक करून टाकीत सोडत बसलो. लेखात मात्र त्याचे हसरे फोटो तेवढे टाकले. ही लबाडीच झाली.

पकडून आणल्याचं म्हणाल, तर तो टाकीतच जन्मला. १८६४ मध्ये पॅरिसला ३४ अ‍ॅक्सोलॉटल पोचले. जगभरच्या पाळीव पैदाशीचा मोठा भाग त्यांचाच वंश.

तलावाचं मात्र पटत नाही. त्याचं घर मेक्सिको सिटीतलं झोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचावर. आपल्या उन्हाळ्यात तलावाच्या कोमट पाण्यात तोच आधी मरेल. तरी सोडू नयेच. त्याच्या अंगावरची बुरशी आपल्या बेडकांना लागू शकते.

खरी गोष्ट उलट्या दिशेने घडलीय. झोचिमिल्कोत १९९८ च्या मोजणीत चौरस किलोमीटरला सुमारे ६००० अ‍ॅक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये ३६. सांडपाणी हे एक कारण. दुसरं, लोकांना खायला मिळावेत म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया. ते याची अंडी-पिल्लं फस्त करतात. तिलापिया म्हणजे आपली चिलापी हो! मूळची आफ्रिकेची. भिगवणला गेलात की ताटात येते ती. उजनीत सध्या जाळ्यात काय जास्त येतं, हे तिथल्या कुणाही मच्छीमाराला विचारा. परक्या प्राण्याची भीती घालायचीच, तर तिच्यापासून सुरुवात करू या. (मलाही ती तळलेली आवडते, हे कबूल.)

यंदा पंखा काढून चिलर बसवलाय, इन्व्हर्टरवर. हा अ‍ॅक्सोलॉटल गेला की दुसरा आणणार नाही. आणि जुन्या लेखातल्या प्रत्येक फोटोखाली त्या दिवशीचं पाण्याचं तापमान टाकतोय. वहीत लिहून ठेवलेलं आहे, २७ वालं पानसुद्धा.