तुळजापूर, चादर आणि माझी श्रमनिद्रा

कोजागिरीला सोलापुरातनं तुळजापूरला चालत जाणं यात नवीन काय नाय, अर्धं गाव जातंय. शेजारची कॉलेजातली पोरगी जाते, आमचा दूधवाला जातो, गल्लीतले एक सत्तरीतले काका तर जाऊन येऊन दुसऱ्या दिवशी दुकान पण उघडतात. मीच तेवढा दरवर्षी कंबर, ऑफिस, पाऊस असं कायतरी काढून घरी दूध आटवत बसायचो. यंदा मेव्हण्यानं धरलं. "दाजी, ४५ किलोमीटर तर हाय की ओ, गप्पा मारत मारत पोचतोय."

बायकोनं पिशवी भरली, कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याची बाटली आणि वर चादर. अस्सल सोलापुरी, डबल बेडची. म्हटलं अगं ऑक्टोबर हिट चालू आहे, तर म्हणे पहाटे घाटात गारठा असतो, ठेव. आता आपल्या चादरीला जीआय टॅग आहे, सगळ्या देशात नाव आहे, सगळं मान्य, पण ती खांद्यावर टाकून दुसऱ्या जिल्ह्यात चालत जायची वस्तू नाय.

दुपारी चारला सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळात नारळ फोडला, "आई राजा उदो उदो" म्हणलं आणि निघालो. तळे हिप्परग्यापर्यंत मी एकदम फॉर्मात. एकरूख तलावाशी सेल्फी काढले, मेव्हण्याला इंग्रजांनी हा तलाव १८७१ मध्ये पुरा केला वगैरे माहिती दिली, तो हं हं करत होता. तिथनं पुढं माझ्या तोंडातनं इतिहास आला नाय, नुसतं "अजून किती राहिलं बे" एवढंच.

कारण बूट. खास या चालण्यासाठी ऑनलाईन सेलमधनं मागवलेले, चालायच्या आदल्या दिवशी आलेले, कोरे करकरीत. उळ्याच्या अलीकडंच उजव्या टाचेला फोड आला आणि डावीनं पण लगेच री ओढली. बाजूनं बायका अनवाणी चाललेल्या, डोक्यावर परडी, कडेवर पोर, कोण कन्नड बोलतंय कोण तेलुगू, आणि मी अडीच हजाराच्या बुटात लंगडतोय. एका अज्जीनं माझ्या पायांकडं बघितलं, मग बुटांकडं, मग माझ्या तोंडाकडं आणि कायच न बोलता पुढं निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यात वाटेवरचे स्टॉल. केळी, साबुदाणा, सरबत, चहा, परत चहा, सगळं फुकट आणि आग्रह असा की नाय म्हणायची सोय नाय. माझी पण फार इच्छा नव्हतीच म्हणा नाय म्हणायची. मी प्रत्येक ठिकाणी थांबलो. खाण्यापेक्षा खुर्ची महत्त्वाची होती, पण नुसतं बसलं की लोक विचित्र बघतात, म्हणून सात केळी झाली.

तामलवाडीचा टोलनाका आला तेव्हा मध्यरात्र उलटलेली. आम्हाला कुणी अडवलं नाय, माझा टोल टाचांनी आधीच भरला होता. पुढं एका तंबूत डॉक्टरकीचं शिकणारं पोरगं फोडांना पट्टी बांधत होतं, म्हणालं, "काका, नवीन बूट घालून कोण येतंय का?" मेव्हणा जोरात हसला. त्याच्या पायात चार वर्षं जुनी चप्पल.

शेवटी घाट. चांदणं काय सुंदर पडलं होतं म्हणतात, मी सगळा घाट पुढच्या माणसाच्या टाचा बघत चढलो. आणि चढून वर आलो तर कळलं देऊळ खाली आहे. म्हणजे माहीत होतं हो, लहानपणापासनं येतोय, पण गुडघ्यांना पहिल्यांदाच कळलं. महाद्वारातनं कल्लोळ तीर्थाकडं उतरणारी एकेक पायरी मी लांबनं बघितली आणि रस्त्याच्या कडेला चादर अंथरली.

इथं एक सांगायचं राहिलं. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर निद्रेला जाते, श्रमनिद्रा म्हणतात तिला, नऊ दिवस महिषासुराशी लढून दमलेली असते. थेट पाच दिवसांनी, अश्विन पौर्णिमेला उठून परत सिंहासनावर बसते. म्हणजे ज्या पहाटे ती झोप पुरी करून उठणार त्याच पहाटे आम्ही मेल्यासारखे होऊन पोचतो.

बूट काढून चहा प्यायला गेलो, पाच मिनिटात परत आलो तर चादरीवर ती अज्जी, तिची सून, दोन नातवंडं आणि एक ओळख नसलेला माणूस, सगळे गाढ. मी उभा. अज्जीनं एक डोळा उघडला, नातवाला कोपरानं जरा आत ढकललं आणि कोपऱ्यातली वीतभर जागा मला हातानं दाखवली. चादर माझी, गुपचूप बसलो. चटणीच्या डब्यावर डोकं टेकलं तेवढंच आठवतंय.

कुणीतरी खांदा हलवत होतं. चौघडा वाजत होता, उजाडलेलं.

"दाजी, देवी उठली ओ, तुम्ही कधी उठताय?"

"पाच दिवसांनी," मी म्हणालो आणि चादरीचं टोक तोंडावर ओढलं. गारठा होता खरा.