‘युनियनवाल्यांनी शूटिंग बंद पाडलं’ म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका मालिकेच्या सेटवर युनियनच्या लोकांनी शूटिंग थांबवलंय. पैसे थकलेत म्हणून. झालं, खाली सुरू. ‘यांचं नेहमीचंच आहे.’ ‘सगळे खंडणीखोर.’ ‘म्हणजे आज रात्री जुनाच भाग दाखवणार!’ एका काकूंनी तर रडका चेहरा टाकला, भाग चुकणार म्हणून. पैसे कुणाचे थकलेत, किती महिन्यांचे, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही. ग्रुपवर मी काही बोलले नाही, तिथं बोलून उपयोग नसतो. पण डोकं असं सणकलंय की इथं लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

माझी ताई मालिकांमध्ये हेअरड्रेसर आहे. माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना हे माहीत आहे, आणि भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘अमुक हिरॉईन खऱ्यात कशी दिसते गं?’ तिचा पगार कधी होतो, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. तर ऐका. मालिकांच्या धंद्यात आज केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळायची पद्धत आहे. नव्वद. बँकेचा हप्ता, मुलाची फी, गॅस, यातलं काहीही नव्वद दिवस थांबत नाही, पण ताईनं थांबायचं.

काही वर्षांपूर्वी ती घोडबंदरलाच एका मालिकेवर होती. टीआरपी पडला आणि चॅनेलनं मालिका गुंडाळली. शेवटच्या दिवशी केक कापला, सगळ्यांनी गळ्यात पडून फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रॉडक्शनवाल्यांचे फोन लागेनात. नव्वद दिवस झाले, वर आणखी महिने गेले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, ‘चॅनेलकडून आले की देतो.’ चॅनेलला विचारायची सोय नाही, कारण तिला कामावर घेतलं होतं प्रोड्युसरनं. हातात करार नाही, नेमणुकीचं पत्र नाही, एक चिटोरंसुद्धा नाही. होती ती फक्त तिची वही.

ती वही मी पाहिली आहे. शाळेची शंभर पानी, वर बदामी कव्हर. पानावर तारीख, कॉल टाइम म्हणजे सेटवर पोचायची वेळ, पॅक-अप म्हणजे काम संपल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात कुणाचे केस केले. ‘कॉल ७, पॅकअप रा. ९.४०, आईचा अंबाडा, सुनेचं लग्न, ज्युनियर ६.’ मधेच कुठे हेअर स्प्रेचा चिकट डाग, कुठे चहाच्या कपाचं वर्तुळ. ताईला हिशोबाची सवय आमच्या आईकडून आली. ती सवय नसती तर पैसे बुडालेच होते.

वही घेऊन ती असोसिएशनच्या, म्हणजे तिच्या कामाच्या लोकांच्या संघटनेच्या, ऑफिसात गेली. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिलंच विचारलं, ‘लेखी काही आहे का?’ हिनं वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पान बघितलं, शेजारच्या माणसाकडून कागदावर बेरीज करून घेतली आणि तिथल्या तिथे प्रोड्युसरला फोन लावला. ताईचे शेकडो फोन न उचलणाऱ्या माणसानं तो फोन तिसऱ्या रिंगला उचलला. मला या सगळ्या विषयात एवढंच सांगायचं आहे. एकट्या बाईचा फोन उचलत नाहीत, असोसिएशनचा उचलतात.

आता तुम्ही म्हणाल, कायदा आहे की देशात. आहे ना. १९८१ साली सिने कामगारांसाठी संसदेनं कायदा केला, लेखी करार केल्याशिवाय कामाला लावायचं नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं. पण तो होता पूर्ण लांबीच्या चित्रपटांसाठी. रोज रात्री घराघरात दिसणाऱ्या मालिकेचं तिथं नावच नव्हतं, कारण तेव्हा या मालिका नव्हत्याच. पुढे खासगी चॅनेल आली, डेली सोप आले, रोजचा भाग रोज द्यायचा म्हणून बारा-बारा तासांच्या शिफ्ट आल्या, आणि कायदा होता तिथंच. २०२० च्या कामगार संहितेत कुठे मालिका, वेब सीरिज, रिअॅलिटी शो यांच्यासाठी काम करणारे लोक कामगार म्हणून लिहिले गेले आणि त्यांच्याशीही लेखी करार हवा असं आलं. चाळीस वर्षं लागली! या चाळीस वर्षांत या लोकांच्या मागे कोण उभं होतं? प्रेक्षक? वर्तमानपत्रांच्या मनोरंजन पुरवण्या? याच, तुम्ही खंडणीखोर म्हणता त्या संघटना होत्या.

हो, असोसिएशनच्या सभासद-कार्डाची फी जास्त आहे. ताईनं कार्ड काढलं तेव्हा आईची पाटली गहाण पडली होती. हो, सेटवर कार्ड तपासायला येणारे काही जण दमदाटी करतात, निवडणुकांमध्ये कोर्टकचेऱ्या होतात, आणि कार्ड नसलेल्याला काम करू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगापर्यंत प्रकरणं गेली आहेत. मान्य.

आणि एक गोष्ट मला आजही टोचते. ताईला खरं तर मेकअप करायचा होता. ठाण्यात नवऱ्या नटवायची ती, हात फार सुंदर. पण सेटवर तिला सांगितलं गेलं, बायकांनी केस करायचे, मेकअप पुरुषच करणार. हा कुणा एका दादाचा आगाऊपणा नव्हता, नियमच तसा होता. बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना आणि त्यांच्यासारख्या बायका त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ ला न्यायालयानं तो नियम मोडीत काढला. २०१४! बाई अवकाशात जाऊन आली तरी इथं तिला कुणाच्या गालाला पावडर लावायची परवानगी नव्हती. तोवर ताईचा हात केसांत बसला होता, ती तिथंच राहिली. तिच्याबरोबरच्या एकीनं मात्र निकालानंतर मेकअपचं कार्ड काढलं, तेव्हा ताईनं घरी शिरा केला होता.

म्हणजे संघटना चुकतात, आणि कधीकधी आपल्याच माणसांवर अन्याय करतात. पण त्या बायकांनी काय मागितलं ते बघा. असोसिएशन बंद करा असं नाही मागितलं, आम्हाला आत घ्या म्हणाल्या. बाहेर राहून काय होतं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

लॉकडाऊन आठवा. १९ मार्च २०२० पासून सगळी शूटिंग बंद. तुम्ही-आम्ही घरी बसून जुन्या मालिका परत बघितल्या, छान वाटलं. रोजंदारीवरचे स्पॉटदादा, लाइटमन, सेटिंगवाले, ड्रेसदादा यांच्या घरी तेव्हा काय शिजत होतं? रेशनच्या याद्या कुणी केल्या, कुणाच्या खात्यात काय जमा करायचं हे कुणी ठरवलं? पैसे देणारे मोठे लोक होते, त्यांचे आभारच, पण कुणाला द्यायचे हे सांगायला नावांची यादी लागते, आणि ती यादी असोसिएशनच्या कपाटातच होती. पुढे शूटिंग सुरू झालं तर सरकारनं ६५ वर्षांवरच्यांना सेटवर यायला बंदी केली. मालिकेतले आजी-आजोबा एका फटक्यात घरी. एक ज्येष्ठ कलाकार कोर्टात गेले, निर्मात्यांची ‘इम्पा’ही गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. ताईच्या सेटवरच्या आजी परत आल्या त्या दिवशी त्यांचा अंबाडा घालताना दोघी रडल्या, असं ताईनं मला फोनवर सांगितलं.

लेखकांचंही तेच. गाणी चालत राहायची आणि लिहिणाऱ्याला एकदाच काय ते मिळायचं. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि रॉयल्टीतला लेखकाचा वाटा करारात लिहूनसुद्धा हिरावता येणार नाही असं ठरलं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी आणि लेखक-संगीतकारांनी मिळून ते लावून धरलं. एकट्या कवीनं स्टुडिओच्या दारात उभं राहून हे झालं असतं का?

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? याच ग्रुपवरचे लोक २०२३ मध्ये हॉलिवूडच्या संपाच्या बातम्या कौतुकानं फिरवत होते. तिकडचे लेखक १४८ दिवस कामावर गेले नाहीत, मोठमोठे नट फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले, तर ‘काय ती एकजूट!’ आणि घोडबंदरला आपल्याच शेजारचा लाइटमन पैशासाठी एक दिवस दिवा लावायचा थांबला तर खंडणीखोर. तिकडचा माणूस कलाकार, इकडचा युनियनवाला. लाज वाटली पाहिजे.

आणि आपले मराठी कलाकार! सगळे नाहीत, पण पुष्कळ जण. सेटवर ‘दादा, दादा’ करत चहा मागतात, फोटोत खांद्यावर हात टाकतात, आणि दादाचे पैसे थकले की म्हणतात, ‘मी प्रॉडक्शनशी वाकडं घेऊ शकत नाही रे.’ एका नायिकेनं एकदा फक्त एवढं म्हटलं असतं, की माझ्या हेअरड्रेसरचे पैसे दिल्याशिवाय मी मेकअप रूममधून बाहेर येणार नाही, तर ताईला ती वही घेऊन हिंडावं लागलं नसतं.

बरं, हिंडावं लागलं म्हणजे कुठे, तेही सांगते. या सगळ्या असोसिएशनची मिळून जी फेडरेशन आहे तिचं ऑफिस अंधेरीकडे, कलाकारांच्या संघटनेचं तिकडेच, लेखकांच्याही तिकडेच. मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापूरला. आणि मालिका कुठे बनतात? कासारवडवली, गायमुख, पार मीरा रोड-नायगावपर्यंत. घोडबंदरवरून अंधेरीला जायचं म्हणजे एक तर ठाणे स्टेशन गाठून दादरला गाडी बदला, नाहीतर गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये बसून बोरिवली गाठा. अख्खा दिवस जातो, आणि एक दिवस गेला म्हणजे एका शिफ्टचे पैसे गेले. आधीच थकलेले मागायला आणखी एक शिफ्ट घालवायची. अर्धी माणसं इथंच हार मानतात, आणि प्रोड्युसरला ते नेमकं माहीत असतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ठाण्यात या संघटनांचं एक ऑफिस झालं पाहिजे. मोठं नको. मानपाडा किंवा पातलीपाड्याला एक खोली, आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी, पॅक-अपनंतर जाता येईल अशी. टेबल, कपाट, झेरॉक्स मशीन, आणि ते चष्मेवाले गृहस्थ होते तसा एक माणूस, जो वहीचं पान न् पान उलटून वाचेल आणि फोन लावेल. मुलुंड-ठाणे-कल्याणकडचे किती तरी लोक या सेटांवर काम करतात, त्यांना रिक्षानं पोचता येईल.

ताईचे पैसे आले. एकदम नाही, तुकड्या-तुकड्यांनी, आणि सगळे नाहीच. शेवटचा तुकडा ‘पुढच्या मालिकेत बघू’ म्हणून राहिला. ती बोलून मोकळी झाली, ‘जाऊ दे गं, पुढे काम मागायचंय त्यांच्याकडेच.’ मला तेव्हा तिचा राग आला होता, आज लिहिताना नाही येत. सेटवर एकटीनं उभं राहणं काय असतं ते तिला माहीत आहे, मला नाही.

माझ्या यादीत ज्यांची मुलं-मुली नव्यानं सेटवर जाऊ लागली आहेत, असिस्टंट, कॉस्च्युम, आर्ट, काहीही, त्यांना सांगा. आपल्या कामाची असोसिएशन कुठली ते विचारून कार्ड काढा, महाग वाटलं तरी. लेखी करार मागा, हसले तरी मागा. आणि रोज रात्री कॉल टाइम आणि पॅक-अप लिहून ठेवा. फोनवर लिहिलंत तरी चालेल, पण फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवत जा. आणि घोडबंदर पट्ट्यात कुणाची खोली रिकामी असेल, कमी भाड्यात द्यायची तयारी असेल, तर मला मेसेज करा. मी आणि ताई दोघी अंधेरीला जाऊन बोलायला तयार आहोत.