‘पोट साफ तर मन साफ’: त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला माझ्याच एका विद्यार्थिनीने पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, ‘‘मॅडम, मग गोळ्या बंद करू का?’’

मेसेज थोडक्यात असा: आनंदाचं रसायन सेरोटोनिन 90 टक्के पोटात तयार होतं. म्हणजे कॉलेजच्या मुलांचं नैराश्य, परीक्षेची धास्ती हे डोक्यात नसतंच, पोटात असतं. रोज रात्री चूर्ण घेऊन कोठा साफ ठेवा. गहू, दूध, कांदा-लसूण सोडा, ताक प्या. मानसोपचाराच्या गोळ्या बंद करा, महिन्याभरात मन ताळ्यावर येईल.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून पुढची पाच-सहा वर्षं मी आयबीएस काढलंय, म्हणजे तपासणीत काही न सापडता पोट दुखत राहण्याचा आणि शौच बिघडण्याचा आजार. सकाळी मुरडा मारून यायचा, बस पकडण्याआधी तीनदा संडासला जावं लागायचं. त्या वयात असा मेसेज हाती पडला असता तर मी तो डोळे मिटून पाळला असता. म्हणूनच उत्तर देते आहे.

‘90 टक्के सेरोटोनिन पोटात.’ आकडा जवळपास बरोबर आहे, आणि फसगत नेमकी तिथेच होते. आतड्याच्या अस्तरातल्या काही खास पेशी हे सेरोटोनिन बनवतात. तिथे त्याचं काम म्हणजे अन्न पुढे ढकलणं, पाचकरस सुटायला मदत करणं, आतड्याच्या नसांना खबर देणं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा असतो तो त्याला ओलांडता येत नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतः बनवतो. पोटात ते जास्त सुटलं तर माणूस आनंदी होत नाही, त्याला मळमळतं. केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर ऑन्डान्सेट्रॉन देतात, ते याच सेरोटोनिनची वाट अडवतं.

पोटाचं आणि मेंदूचं नातं खरंच आहे, फक्त मेसेजवाल्यांनी चुकीचा पूल दाखवला. पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिच्यातले पाचातले चार धागे पोटाकडून वर, मेंदूकडे निरोप नेतात. रोगप्रतिकारक पेशी आणि ताणाची संप्रेरकंही या देवाणघेवाणीत असतात.

‘धास्ती डोक्यात नसते, पोटात असते.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण ते दोन दिशांच्या रस्त्यावर एकच दिशा चालू ठेवतं. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात कालवतं, हे आपली भाषा कधीपासून सांगते आहे. 1897 च्या सुमारास हार्वर्डमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅननने नव्याने शोधलेल्या क्ष-किरणांखाली मांजरांचं जठर पाहिलं. मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. ही झाली वरून खाली येणारी वाट.

उलटी वाटही तितकीच खरी आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे हजार लोकांवर 12 वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास 2012 मध्ये आला. ज्यांना सुरुवातीला चिंता जास्त होती त्यांच्यात पुढे पोटाचे विकार जास्त दिसले. आणि ज्यांना सुरुवातीला फक्त पोटाचा त्रास होता, मन ठीक होतं, त्यांच्यात पुढे चिंता आणि नैराश्य जास्त दिसलं. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दूषित पाण्याने किंवा शिळ्या अन्नाने जोराची हगवण लागते, आठवड्याभरात थांबतेही, पण अशा दहांपैकी साधारण एकाला त्यानंतर आयबीएस मागे लागतं. आजारपणाच्या वेळी जो आधीच ताणात असतो, त्याला हा धोका अधिक. इथे आधी मन की आधी पोट, असा निवाडा करायला जागाच नाही.

याच मेसेजखाली घरातली मोठी माणसं दुसरं टोक गाठतात: ‘‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत.’’ मलाही हे ऐकवलं गेलं, आणि पोटापेक्षा तेच जास्त दुखलं. दुर्बिणीने आतड्याचं अस्तर दिसतं. ते आतडं कसं हलतं आणि किती संवेदनशील झालंय, हे दिसत नाही. आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा फुगवून केलेल्या तपासण्यांमध्ये असं आढळलंय की आयबीएसच्या अनेक रुग्णांना इतरांपेक्षा फुगा कमी फुगवला तरी कळ येते. ती कळ खरी असते. असे आजार ओळखण्यासाठी जगभरचे डॉक्टर वापरतात त्या रोम निकषांनी 2016 मध्ये या आजारांना मेंदू आणि आतडं यांच्या देवाणघेवाणीचे विकार म्हटलं. आयबीएस म्हणायचं तर गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी हवी, तिचा संबंध शौचाला जाण्याशी, किती वेळा जावं लागतं त्यातल्या बदलाशी आणि शौचाच्या बदललेल्या स्वरूपाशी, या तिन्हींपैकी निदान दोहोंशी हवा, आणि त्रासाची सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची हवी. म्हणजे एका पेपरच्या आदल्या रात्री पोट बिघडलं म्हणून कुणी हे नाव स्वतःला चिकटवू नये.

‘रोज रात्री चूर्ण.’ बाजारातल्या बऱ्याच पोटसाफ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावते. ज्याला आधीच दिवसात चार वेळा जावं लागतं, त्याने ती रोज घेतली तर मुरडा वाढणार आणि अंगातलं पाणी व क्षार जाणार. बद्धकोष्ठाचा त्रास असेल तर भरपूर पाण्याबरोबर इसबगोल हा साधा, सौम्य उपाय आहे.

‘गहू, दूध, कांदा-लसूण सोडा.’ यात तथ्याचा अंश आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आतड्यात आंबून वायू करणाऱ्या पदार्थांची यादी केली. त्यात कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध येतं. पण तो आहार काही आठवडेच पाळायचा असतो, तोही जाणकाराच्या देखरेखीखाली, आणि मग एकेक पदार्थ परत आणून नेमकं काय बाधतं ते शोधायचं असतं. मेसचा डबा खाणाऱ्या मुलीने हे सगळं कायमचं सोडलं तर तिच्या ताटात भाताशिवाय काय उरेल? वजन उतरतं, जेवणाचीच भीती बसते, मैत्रिणींबरोबर खाणं सुटतं. ताक प्यावं, चांगलंच आहे. त्याने नैराश्य जात नाही.

खाण्याचा मनावर परिणाम होत नाही, असं माझं म्हणणं नाही. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातच नैराश्याच्या 67 रुग्णांवर आहाराचा एक प्रयोग झाला आणि चांगला आहार शिकवलेल्या गटाला फायदा दिसला. पण त्यातल्या बहुतेकांचे आधीचे उपचार चालूच होते. आहार त्यांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता.

‘गोळ्या बंद करा.’ नैराश्याच्या अनेक गोळ्या एकाएकी सोडल्या तर चक्कर, निद्रानाश, बेचैनी येते, आणि मळमळ व जुलाबही होतात. म्हणजे पोट सुधारायला गोळ्या सोडाव्यात आणि पोटच बिघडावं. त्यातच पोटाचे डॉक्टर आयबीएससाठी अमिट्रिप्टिलीन थोड्या मात्रेत देतात. मुलं मोबाइलवर नाव शोधतात, ‘नैराश्याचं औषध’ असं वाचतात आणि डॉक्टरने आपल्याला वेडं ठरवलं असं समजून फेकून देतात. ब्रिटनमधल्या 463 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले: 10 ते 30 मिलिग्रॅमच्या मात्रेत हे औषध, तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. इथे ते दुखण्याच्या नसांवर काम करतं. समुपदेशनानेही आयबीएसचा त्रास कमी होतो.

वजन उतरणं, शौचातून रक्त, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांतलं काही असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरकडे जा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो. ते सगळं ताणावर ढकलून चालणार नाही. मन बोलायला मागत असेल तर 14416 वर सरकारची टेलिमानस सेवा मराठीतही आहे.

त्या मुलीला मी लिहिलं, ‘‘गोळ्या बंद करू नकोस, डॉक्टरांना हा मेसेज दाखव.’’ नंतर बोलता बोलता ती म्हणाली की पेपरच्या दिवशी मध्येच जावं लागू नये म्हणून ती सकाळपासून काही खात नाही, पाणीही पीत नाही. मीही अगदी तेच करायचे. आता माझ्या वर्गात परीक्षेला दाराजवळच्या दोन जागा मी मोकळ्या ठेवते. ज्याला हवी त्याने बसावं. कारण मी विचारत नाही.