नवीन मेंबरचा फोन किती वाजणार हे आपण अॅडमिन लोक ठरवतो

ऑनलाइन कम्युनिटी चालवणारे, मॉडरेशन करणारे, कुठल्या ना कुठल्या ग्रुपचे अॅडमिन असलेले जे कोणी माझ्या लिस्टमध्ये आहेत त्यांनी ही पोस्ट वेळ काढून वाचा प्लीज, मोठी आहे. विषय डिफॉल्ट नोटिफिकेशनचा. नवीन माणूस आपल्या सर्व्हरवर (म्हणजे कम्युनिटीच्या ऑनलाइन जागेत, जिथे विषयवार चॅनेल असतात) आला, त्याने अजून एकाही सेटिंगला हात लावलेला नाहीये, तर त्याचा फोन कशाकशाला वाजणार हे जे आधीच ठरलेलं असतं ना, ते. मला तर हे सर्व्हरमधलं सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग वाटतं, नियमांच्या चॅनेलपेक्षाही, कारण नियम थोडेच लोक वाचतात आणि फोन मात्र सगळ्यांचा वाजतो.

हा विषय मॉडरेटर्सच्या गप्पांमध्ये काढला की हमखास एक उत्तर येतं, "ज्याला त्रास होतो तो म्यूट करेल ना, सेटिंग दिलंय की!" मला हे उत्तर अजिबात पटत नाही. सेटिंग आहे हे खरं, पण बहुतेक लोक ते कधी उघडतच नाहीत, आणि हे फक्त चॅट अॅपपुरतं नाहीये, माणसं एकूणच समोर आलेलं डिफॉल्ट तसंच ठेवतात. २००३ साली जॉन्सन आणि गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी अवयवदानाच्या संमतीचे युरोपातले आकडे मांडले होते. जर्मनीत आपणहून होकार नोंदवावा लागायचा, तिथे संमती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात होकार धरूनच चालायचे, नको असेल तर तसं कळवायचं, तिथे संमती ९९ टक्क्यांच्याही वर. एवढ्या मोठ्या, जन्ममरणाच्या प्रश्नावर जर डिफॉल्टने इतका फरक पडतो तर "या सर्व्हरच्या कुठल्या चॅनेलचं नोटिफिकेशन हवंय" यावर कोण बसून विचार करणार आहे? म्हणजे आपण जे निवडून ठेवतो तेच बहुसंख्य मेंबर्सच्या वाट्याला येतं. मग "त्यांनी बदलायचं ना" म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता डिस्कॉर्ड या चॅट अॅपचं उदाहरण घेते कारण मी स्वतः तिथे एक कम्युनिटी सांभाळते आणि तिथे ही निवड अॅडमिनच्या हातात अगदी स्पष्ट दिलेली आहे. सर्व्हर सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट नोटिफिकेशनचे दोनच पर्याय आहेत, 'सगळे मेसेज' किंवा 'फक्त मेन्शन'. सगळे मेसेज ठेवलं तर कोणीही कुठल्याही चॅनेलवर काहीही टाकलं की नोटिफिकेशन. फक्त मेन्शन ठेवलं तर तुमचं नाव घेऊन, तुमच्या रोलला (मेंबर्सच्या एखाद्या गटाला दिलेल्या नावाला) टॅग करून किंवा @एव्हरीवन (म्हणजे सगळ्यांना एकदम हाक) करून कोणी काही लिहिलं तरच. दहाबारा मित्रमैत्रिणींचा सर्व्हर असेल तर खुशाल सगळे मेसेज ठेवा, तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचं ऐकायचंच असतं. पण समजा ४०० मेंबर आहेत आणि दिवसाला ३०० मेसेज पडतात, जे फार नाहीयेत, संध्याकाळी एखादा वाद रंगला की तेवढे दोन तासांत होतात. ३०० गुणिले ४००, म्हणजे एका दिवसात १ लाख २० हजार नोटिफिकेशन्सची आपण सोय करून ठेवली. आणि त्यातली किती कोणाच्या कामाची? "हो ना", "सेम", एक हसण्याचा इमोजी, कोणीतरी कोणालातरी दिलेलं उत्तर. डिस्कॉर्ड स्वतःसुद्धा सर्व्हर 'कम्युनिटी' मोडवर नेताना डिफॉल्ट फक्त मेन्शनवर आणायला सुचवतं, ते उगाच नाही.

यातलं सगळ्यात मोठं नुकसान कुठे होतं ते सांगते, कारण ते अॅडमिनला दिसतच नाही. नोटिफिकेशनला एकावर एक थर असतात. सर्व्हरचं डिफॉल्ट, त्याच्या वर मेंबरने स्वतः त्या सर्व्हरसाठी निवडलेलं, मग कॅटेगरीचं, म्हणजे चॅनेलच्या गटाचं, मग एकेका चॅनेलचं, आणि या सगळ्याच्या वर फोनचं स्वतःचं सेटिंग. आपल्याला वाटतं की वैतागलेला माणूस शांतपणे त्या गप्पांच्या चॅनेलवर जाईल, तेवढंच म्यूट करेल, घोषणांचं चॅनेल चालू ठेवेल. असं कोणी करत नाही हो! मीटिंगमध्ये किंवा रात्री झोपताना फोन विसाव्यांदा वाजला की माणूस हाताला येईल ते बटण दाबतो. आणि हाताला काय येतं, तर नोटिफिकेशनवर दाबून धरलं की फोन स्वतःच विचारतो, या अॅपची नोटिफिकेशन्स बंद करू का. एक टॅप. संपलं. आता त्याला फक्त आपला सर्व्हर ऐकू येत नाही असं नाही, त्या अॅपवरचा त्याच्या मैत्रिणीचा पर्सनल मेसेजही येत नाही, दुसऱ्या सर्व्हरवर कोणी त्याला मदत मागितली तेही कळत नाही. आपल्या एका सर्व्हरच्या डिफॉल्टपायी. आणि अॅडमिनच्या बाजूने बघितलं तर यादीत तो मेंबर आहेच, आकडा तेवढाच आहे, त्यामुळे आपण म्हणत बसतो की लोक हल्ली इव्हेंटला येत का नाहीत, उत्तरं का देत नाहीत. त्यांना कळलंच नाहीये तर येतील कसे?

बरं, फोनवालेही आता नोटिफिकेशन गृहीत धरत नाहीत. आयफोनवर अॅपला सुरुवातीपासूनच परवानगी मागावी लागते, आणि २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आलं तेव्हापासून तिथेही नव्याने टाकलेल्या अॅपला आधी विचारावं लागतं. म्हणजे मेंबरने एकदा "हो" म्हटलंय म्हणून आपण त्याच्या फोनपर्यंत पोचतोय, आणि ते "हो" तो कधीही काढून घेऊ शकतो.

"वाजला तर वाजला, बघू नका" असंही काही जण म्हणतात. २०१५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, लोकांना लक्ष देऊन करायचं काम दिलं आणि मधेच त्यांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. ज्यांनी फोन हातातही घेतला नाही त्यांच्याही चुका वाढल्या, नुसतं वाजण्याने. त्यामुळे न बघण्याचा सल्ला देऊन प्रश्न सुटत नाही.

आता दुसरी बाजू, कारण तीही मला महत्त्वाची वाटते. नवीन कम्युनिटी सुरू करणाऱ्यांना मनापासून भीती असते की नोटिफिकेशन कमी केली तर सर्व्हर मरेल, लोक विसरून जातील. ही भीती अगदीच खोटी नाहीये. २०१९ मधल्या एका प्रयोगात काही लोकांना नोटिफिकेशन्स दिवसातून तीन वेळा गठ्ठ्याने दिली, काहींना एकही दिलं नाही. तीन वेळा मिळणारे जास्त निवांत होते, पण ज्यांची पूर्ण बंद केली त्यांची चिंता वाढली, आपलं काहीतरी सुटतंय असं वाटत राहिलं. म्हणजे लोकांना शांतता हवी असते आणि तुटलेपण नको असतं, दोन्ही एकदम. म्हणून माझं म्हणणं असं नाही की सगळं गप्प करून टाका. फक्त मेन्शन हे डिफॉल्ट ठेवा आणि मग मेन्शन जपून वापरा, हे दोन्ही एकत्र केलं तरच उपयोग. नुसतं पहिलं करून दुसरं सोडलं तर काही फायदा नाही, कारण मग सगळा दंगा @एव्हरीवनमधून येतो.

@एव्हरीवनबद्दल मी फार कडक आहे आणि राहणार. ती परमिशन कोणाकडे आहे हे आजच जाऊन बघा, कारण अनेक सर्व्हरवर सगळ्याच मेंबर्सकडे असते आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. एखादा नवीन मुलगा उत्साहात आपल्या व्हिडिओची लिंक @एव्हरीवन करून टाकतो, त्याचा काही वाईट हेतू नसतो, पण शेकडो फोन वाजतात आणि त्यातले बरेच जण जाऊन @एव्हरीवन आणि @हिअर या दोन्ही हाका आपल्यापुरत्या बंद करणारं सेटिंग चालू करतात. एकदा केलं की मग खरंच महत्त्वाची गोष्ट असेल, सर्व्हर हॅक झालाय, एका लिंकवर क्लिक करू नका, असं काही, तर ती त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. @हिअर फक्त त्या वेळी ऑनलाइन असलेल्यांना जातं, ते तुलनेने बरं. पण दोन्हीपेक्षा चांगला मार्ग म्हणजे रोल. आठवड्याच्या गप्पांना यायचंय त्यांना एक रोल, नवीन लेखन वाचायला उत्सुक आहेत त्यांना एक, नवख्यांना मदत करायला तयार आहेत त्यांना एक, आणि हे रोल लोकांनी आपणहून घ्यायचे, आपण वाटायचे नाहीत. डिस्कॉर्डवर आता आल्या आल्या चारदोन प्रश्न विचारून रोल आणि चॅनेल देण्याची सोय आहे, ती वापरा, तिथेच माणूस सांगून टाकतो की त्याला कशासाठी हाक मारलेली चालेल. मग त्या रोलला टॅग केलं तर कोणी चिडत नाही, उलट वाट बघत असतात. आणि रोल कोणीही टॅग करू शकेल की फक्त मॉडरेटर, हेही प्रत्येक रोलला वेगळं ठरवता येतं, मदतीचा रोल सगळ्यांना खुला ठेवा, घोषणांचा नको.

वेळेचंही भान हवं. मेंबर वेगवेगळ्या देशांत असतील तर तुमच्या दुपारी कोणाची तरी मध्यरात्र असतेच. डिस्कॉर्डवर मेसेजच्या सुरुवातीला @सायलेंट लिहिलं की फोन वाजवणारं पुश नोटिफिकेशन जात नाही, मेसेज मात्र जागेवर पडलेला असतो, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा बघेल. रात्री सुचलेल्या गोष्टींसाठी हे फार चांगलं आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे.

बाकी अॅप्सवर थोडक्यात. स्लॅक या ऑफिसच्या चॅट अॅपवर अॅडमिन आख्ख्या वर्कस्पेससाठी (म्हणजे त्या टीमच्या पूर्ण जागेसाठी) 'डू नॉट डिस्टर्ब'चे तास डिफॉल्ट ठरवून देऊ शकतात, ते जरूर द्या. टेलिग्रामवर पाठवायचं बटण दाबून धरलं की आवाज न करता मेसेज पाठवता येतो, आणि मेसेज पिन करताना सगळ्यांना कळवायचं की नाही ते विचारतात, तिथे दर वेळी 'हो' करू नका. व्हॉट्सअॅपवर सगळ्या मेंबर्ससाठी असं डिफॉल्ट आपल्या हातात नाही, ज्याचं त्याने म्यूट करायचं, म्हणून तिथे घोषणांचा ग्रुप वेगळा, फक्त अॅडमिन लिहू शकतील असा, आणि गप्पांचा वेगळा, एवढं तरी कराच. म्हणजे गप्पा म्यूट केल्या तरी घोषणा सुटत नाहीत.

जुना, भरलेला सर्व्हर असेल आणि आता बदल करायचा असेल तर घाबरू नका. डिस्कॉर्डवर डिफॉल्ट बदललं की ते फक्त ज्यांनी स्वतः काही निवडलेलं नाही त्यांनाच लागू होतं, ज्यांनी मुद्दाम 'सगळे मेसेज' निवडलंय त्यांचं तसंच राहतं. पण गुपचूप बदलू नका. आधी घोषणांच्या चॅनेलवर लिहा की अमुक तारखेपासून असं होणार आहे, का होणार आहे, आणि ज्यांना एखाद्या चॅनेलचं सगळं हवं असेल त्यांनी त्या चॅनेलच्या नावावर दाबून धरायचं, नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जायचं, 'सगळे मेसेज' निवडायचं. स्क्रीनशॉट टाका सोबत, वाचून सगळ्यांना जमत नाही. पुढचे काही दिवस दोनचार जण विचारतील की सर्व्हर शांत का वाटतोय, त्यांना तोच मेसेज परत द्या, न कंटाळता.

कोणाला आपल्या सर्व्हरचे रोल आणि परमिशन एकदा तपासून घ्यायच्या असतील तर कमेंटमध्ये लिहा, मी वेळ काढून बघेन, खरंच.