रक्ताची चाचणी खरी, पंधराव्या दिवसाची खात्री खोटी

दूध संस्थांच्या गटांमध्ये आणि गुरे पाळणाऱ्यांच्या फोनवर एक मजकूर बराच फिरला आहे. त्याचा आशय असा: रेतनानंतर (गायी-म्हशीला भरवल्यानंतर) पंधराव्या दिवशी जनावराचे थेंबभर रक्त तपासले की ते गाभण आहे की नाही हे शंभर टक्के कळते, गुदद्वारातून हात घालून केलेल्या तपासणीने गर्भ पडतो, म्हणून ती करूच नये, एकदा ‘गाभण’ असा निकाल आला की विण्यापर्यंत पुन्हा पाहावे लागत नाही, रक्त काढणे जमत नसेल तर औषधाच्या दुकानातली बायकांची गर्भचाचणीची पट्टी गोमूत्रात बुडवली तरी चालते, आणि गाय विकत घेताना रक्ताच्या निकालाचा कागद मिळाला म्हणजे आणखी काही विचारायला नको. गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंत दोन-चार जनावरे बाळगणारी माणसे हा मजकूर विश्वासाने पुढे पाठवतात, कारण त्याचा गाभा खरा आहे. रक्तावरून गाभण जनावर ओळखण्याची चाचणी आहे आणि ती चांगली आहे. खोटे आहे ते तिच्याभोवती चिकटवलेले, आणि त्यातल्या एका चुकीने पोटातला गर्भच जाऊ शकतो.

आधी पंधराव्या दिवसाचे पाहू. या चाचणीत गर्भ दिसत नाही. वारेच्या पेशींनी तयार केलेली आणि आईच्या रक्तात उतरलेली विशिष्ट प्रथिने तिच्यात शोधली जातात. अशा एका प्रथिनाविषयीचे संशोधन अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले आणि आजच्या प्रचलित चाचण्या त्याच कुळातील प्रथिनांवर उभ्या आहेत. गायीचा गर्भ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटू लागतो तो साधारण एकोणिसाव्या-विसाव्या दिवसापासून. त्याआधी, म्हणजे पंधराव्या दिवशी, तो गर्भाशयात मोकळाच असतो आणि धाग्यासारखा लांब होत असतो. वार रुजलेलीच नसेल तर तिची प्रथिने आईच्या रक्तात येणार कुठून? ती भरवशाने सापडण्याइतकी वाढतात ती अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास, आणि म्हणूनच चाचणी तयार करणारे ‘रेतनानंतर किमान २८ दिवस’ अशी अट घालतात.

यावर कोणी प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या, चाचणीचे नाव पुढे करतो. ती चाचणी वेगळी आहे आणि तिचा उपयोग एकविसाव्या ते चोविसाव्या दिवसांच्या दरम्यान होतो. तेव्हा हे संप्रेरक कमी आढळले तर जनावर गाभण नाही असे जवळजवळ निश्चित म्हणता येते. जास्त आढळले तर मात्र तेवढ्यावरून ते गाभण ठरत नाही, कारण गर्भाशयात पू साठला असेल, अंडाशयावर विशिष्ट प्रकारची गाठ असेल किंवा रेतनाची तारीखच चुकली असेल, तरी ते जास्तच दिसते. पंधराव्या दिवशी तर हे संप्रेरक, भरवलेली असो वा नसो, नियमित माजावर येणाऱ्या प्रत्येक गायीत चढलेलेच असते, कारण एकवीस दिवसांच्या चक्राचा तो मधला काळ असतो. त्या दिवशीचा ‘गाभण’ असा निकाल म्हणजे निव्वळ ‘गाय माजावर नाही’ एवढीच बातमी.

‘लवकर तपासले तर बिघडले काय?’ असे विचारणाऱ्यांसाठी खरा धोका पुढे आहे. वारेच्या प्रथिनांची चाचणी अठराव्या किंवा विसाव्या दिवशी केली, तर गाभण गायीचाही निकाल ‘रिकामी’ असा येऊ शकतो. मग पुन्हा माजावर आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन दिले जाते. हे औषध अंडाशयावरील पीतपिंड, म्हणजे प्रोजेस्टेरॉन तयार करणारी ग्रंथी, मोडते, आणि गायीचा गर्भ त्या काळात त्याच पीतपिंडाच्या आधारावर टिकून असतो. म्हणजे गाय भरली होती, चाचणीने तिला रिकामी म्हटले आणि इंजेक्शनने तिला खरोखरच रिकामी केले. असा गर्भ गेल्याचे गोठ्यात कोणाला कळतही नाही. गाय माजावर येते आणि ‘मागचे रेतन फुकट गेले’ एवढेच बोलले जाते.

गोव्यात तारखेचा प्रश्न आणखी अवघड होतो. भाताची कापणी झाली की अनेक गावांत गुरे मोकळी सोडली जातात, आणि गावठी गायी बहुतांशी मोकाट वळूकडूनच भरतात. पांढऱ्या रंगाची आणि स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली आपली श्वेत कपिलाही याला अपवाद नाही. वहीत रेतनाची तारीख लिहिलेली असली तरी त्यानंतर तीन आठवड्यांनी गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, आणि रानात वळूने भरवली, तर वहीप्रमाणे पस्तिसाव्या दिवशी काढलेल्या रक्ताच्या दृष्टीने तो जेमतेम चौदावा दिवस असतो. म्हणून तारखेची खात्री नसलेल्या जनावराचा ‘रिकामी’ हा निकाल चार आठवडे ते बांधून ठेवून, पुन्हा तपासूनच मान्य करावा; तोवर इंजेक्शन देऊ नये.

हात घालून केलेल्या तपासणीने गर्भ पडतो, हा समज जुना आहे आणि तो का टिकला हेही समजण्यासारखे आहे. अठ्ठाविसाव्या ते साठाव्या दिवसांच्या दरम्यान, कोणी हात लावो वा न लावो, दुधाळ गायींमध्ये साधारण दहामागे एखादीचा गर्भ आपोआप जातो. तपासणीही नेमकी याच आठवड्यांत होत असल्यामुळे दोष हाताच्या माथी येतो. अननुभवी माणसाने चाळीस दिवसांच्या आत गर्भाची पिशवी चिमटून पाहिली तर इजा होऊ शकते, हे नाकारता येत नाही. पण सराव असलेल्या पशुवैद्याच्या काळजीपूर्वक तपासणीने गर्भपाताचे प्रमाण फारसे वाढत नाही. शिवाय हाताला जे कळते ते रक्ताला कळत नाही. गर्भ किती महिन्यांचा आहे, गर्भाशयात पू आहे का, अंडाशयावर गाठ आहे का, हे हात सांगतो. गाय रिकामी निघाली तर ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर तिथेच शोधायला सुरुवात होते. रक्ताची नळी फक्त हो किंवा नाही म्हणते. हाताची तपासणी सराव असलेल्याला पस्तीस-चाळीस दिवसांनंतर जमते आणि गावपातळीवर ती बहुधा दोन-तीन महिन्यांनीच होते. रक्ताची चाचणी पुढे आहे ती या मधल्या काही आठवड्यांपुरती. तो काळ क्षुल्लक नाही, कारण मुका (बाहेर लक्षणे न दिसणारा) माज दाखवणाऱ्या म्हशी आणि पावसाळाभर गोठ्यात बांधलेल्या गायी माजावर आलेल्या कळत नाहीत, त्या गाभण धरल्या जातात आणि तिसऱ्या महिन्यात रिकाम्या निघतात.

‘एकदा पाहिले की झाले’ या वाक्याला वरच्या दहामागे एकीने उत्तर दिलेलेच आहे. त्यात एवढीच भर घालायला हवी की गर्भ मेल्यानंतरही ही प्रथिने काही दिवस रक्तात रेंगाळतात, त्यामुळे तिसाव्या दिवसाचा ‘गाभण’ हा निकाल कधी कधी मेलेल्या गर्भाचाही असतो. साठ ते नव्वद दिवसांच्या दरम्यान दुसरी तपासणी, मग ती हाताची असो वा रक्ताची, टाळू नये.

गोमूत्रातल्या पट्टीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ती पट्टी स्त्रीच्या शरीरात गर्भधारणेनंतर तयार होणारे एक संप्रेरक ओळखते, आणि ते गाय किंवा म्हैस तयारच करत नाही. पट्टीवर एकच रेघ येईल. गाय नऊ महिन्यांची भरलेली असली तरी एकच.

रक्त ‘थेंबभर’ लागते हेही बहुतेक चाचण्यांना लागू नाही. शेपूट सरळ वर धरायची, मुळापासून वीतभर अंतरावर तिच्या खालच्या बाजूला मधोमध सुई उभी टोचायची, हाडाला लागली की किंचित मागे घ्यायची आणि दोन मिलिलिटर रक्त नळीत घ्यायचे, अशी ही रीत आहे. सराव असलेल्याला मिनिटभरही लागत नाही. मात्र प्रत्येक जनावराला नवी सुई हवी, कारण ॲनाप्लाझ्मासारखे रक्तातले रोग एकाच सुईने गोठाभर पसरतात. नळीवर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक तिथल्या तिथे लिहायचा. काळी गाय, लाल गाय असे लिहिलेल्या नळ्यांचा निकाल कितीही अचूक असला तरी तो कोणत्या गायीचा हे सांगता येत नाही.

राहिला खरेदीचा कागद. गोवा सरकारच्या कामधेनू योजनेखाली किंवा स्वतःच्या पैशांनी परराज्यातून संकरित गाय आणणाऱ्याने हा भाग नीट वाचावा. विल्यानंतर मागच्या वेताची प्रथिने रक्तातून पूर्ण नाहीशी व्हायला दोन ते अडीच महिने लागतात, आणि म्हणून चाचणीनुसार विल्यापासून ६० किंवा ७३ दिवस झालेले असावेत अशी दुसरी अट असते. दीड महिन्यापूर्वी विलेल्या, दूध देणाऱ्या गायीचे रक्त तपासले तर पोटात काही नसतानाही ‘गाभण’ असा निकाल येऊ शकतो, आणि विकणारा तो कागद दाखवून ‘दुधाची आणि गाभणही’ म्हणून जास्त भाव लावू शकतो. त्या कागदावर गर्भाचे महिनेही नसतात. ‘सात महिन्यांची गाभण’ हे बोल विकणाऱ्याचे असतात, चाचणीचे नव्हेत. म्हणून गाय कधी विली, कधी भरवली आणि रक्त कोणत्या तारखेला काढले, या तिन्ही तारखा लेखी घ्याव्यात, कागदावरचा क्रमांक कानातल्या बिल्ल्याशी पडताळून पाहावा, आणि पैसे देण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या पशुवैद्याकडून हात घालून तपासून घ्यावे.